कॅलेंडरातल्या गल्लीची मोजणी

चौतीस वर्षं आत्माराम खटाव तालुक्यात बांधाबांधानं हिंडला. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार. भाऊबंदांच्या शिव्या खात लोकांच्या हद्दी कायम करून दिल्या आणि एकाहत्तराव्या वर्षी त्याची स्वतःची हद्द ठरली ती तीन खोल्या आणि एक बाल्कनी. जर्मनीत, गेर्लिंगेनच्या पल्याड, टेकडीवरच्या गावात, लेकाच्या, सिद्धेशच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर.

झालं असं. आल्याच्या आठवड्यातच तो कचरा टाकायला खाली गेला आणि गावाकडच्या सवयीनं दार मागं ओढून घेतलं. इथल्या दाराला बाहेरनं कडी न्हाय, कोयंडा न्हाय, नुसता एक मुका गोळा. दार मिटलं की मिटलं. किल्ली आत राहिली तर ते मालकालाबी ओळखत न्हाय. कुलूपवाला बोलवावा लागला. त्या दिवसापासनं सून संपदा निघताना रोज बजावायची, "आबा, बाहेर नाही हं पडायचं. किल्ल्या दोनच आहेत." एक तिच्याकडं, एक सिद्धेशकडं. दोघं आठाला गेली की सहालाच उगवायची.

"तिसरी करून घ्या की," आत्मारामानं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.

"करू," सिद्धेश म्हणाला. करू करू म्हणता सत्तर दिवस झाले. व्हिसा नव्वदाचा.

स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं. गावच्या इतिहास मंडळानं छापलेलं, दर महिन्याला गावातल्या एका गल्लीचा जुना फोटो. संपदानं ते नाताळच्या बाजारातनं आणलं होतं आणि दुधवाला नसलेल्या घरात त्याच्यावर कुणी काय लिहीत नव्हतं. जूनच्या पानावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गल्ली होती. उतार, तीन घरं, वळणावर गुरांना पाणी पाजायची दगडी डोण, मागं चर्चचा मनोरा. आणि मधल्या घराच्या पुढ्यात, ऐन रस्त्याला लागून, झकास उकिरडा. वर कोंबडी. शेजारी हात कमरेला लावून घरमालक, जसा काय उकिरड्याचाच फोटो काढून घ्यायला उभा राहिलाय.

आत्मारामाला तो माणूस एकदम पसंत पडला. असली माणसं त्यानं मोजली होती.

मग त्याला दिसलं, की मनोऱ्याच्या दोन बाजू फोटोत जशा दिसतात तशाच आपल्या बाल्कनीतनं दिसतात. म्हंजे फोटो काढणारा ह्याच रेषेवर उभा होता, जरा मागं. आत्मारामानं पेन्सिल घेतली. माणसाच्या उंचीवरनं दाराची उंची, दारावरनं घराची रुंदी, घरावरनं गल्ली. दहा दिवस तो पाकिटांच्या पाठीवर आकडे मांडत होता. उत्तर आलं ते असं, की डोण इथनं उताराला एकशे दहा पावलांवर पाहिजे आणि तो उकिरडा ह्याच इमारतीच्या खाली.

आता ते भुईवर बघितल्याबिगर कागदाला काय किंमत? नकाशा टेबलावर बनतो, पण खरा ठरतो पायाखाली.

एकाहत्तराव्या दिवशी दुपारी त्यानं बूट घातले, आपलं एक जुनं पायताण दाराच्या फटीत घातलं, दार हलवून बघितलं आणि जिना उतरला.

एक, दोन, तीन. बेकरीपाशी साठ झाली. काचेच्या बाटल्या टाकायच्या डब्यांपाशी शंभर. एकशे चौदाव्या पावलाला डोण. आत लाल फुलं लावलेली, पण कडेला बैल बांधायची लोखंडी कडी तशीच. चार पावलांचा फरक. रस्ता आता वळवलाय, तेवढा यायचाच. त्यानं कडी धरून हलवून बघितली. चांगला तासभर तो तिथं कट्ट्यावर बसला. कुणी त्याला काय विचारलं न्हाय, आणि तेच त्याला लई बरं वाटलं.

परत आला तर दार बंद. पायपुसण्यावर त्याचं फटीतलं पायताण, धुळीचा कण झटकून, नीट सरळ ठेवलेलं. समोरची विंकलरबाई. उघडं दार बघून शेजारधर्म केला होता तिनं.

फोन खिशात होता. केला न्हाय. जिन्यात बसला. जिन्यातला दिवा दोन मिनिटांनी आपला आपण विझायचा. आत्माराम उठून बटण दाबायचा. पाचसहादा उठला, मग अंधारातच बसून राहिला.

सहाला दिवा लागला. संपदा वर आली ती त्याला बघून पायरीवरच थबकली.

"आबा, किती वेळ बसलाय असे?"

"दार म्या लावलं न्हाय."

"पण बाहेर कशाला पडलात? सांगितलं होतं ना मी?"

"सुनबाई, चौतीस वर्षं मला कुणी बाहेर पडू नगो म्हणालं न्हाय. बाहेर पडायचाच पगार होता."

दार उघडून तिनं आधी पाणी दिलं.

रात्री जेवताना सिद्धेशनं पाकिटं चाळली, फोनवरच्या नकाशाशी ताडून बघितली आणि हसत सुटला. "आल्झो," तो म्हणाला. इथली माणसं घसा खाकरावा तसा हा शब्द काढतात. "एवढं भाडं भरून आम्ही उकिरड्यावर राहतोय तर. रविवारी गाडीनं जाऊ सगळे, दाखवा आम्हाला."

"एकशे चौदा पावलांला गाडी? मला किल्ली पायजे."

"उद्याच सांगतो. पण आबा, ही किल्ली कुठल्या बी दुकानात होत नाही. घरमालकाचं पत्र, मग कुलपाच्या कंपनीकडं. तीन आठवडे लागतात."

"माझं परतीचं इमान कवा हाय?"

सिद्धेशचा घास हातातच राहिला. "एकोणीस दिवसांनी."

"पयल्या महिन्यात सांगितलं हुतं," आत्माराम म्हणाला आणि भाकरी मोडली.

सकाळी दोघं गेली. संपदानं आज काही बजावलं नाही. दार मात्र तिनं रोजच्यासारखंच ओढून घेतलं. आत्मारामानं कॅलेंडरचं पान उलटलं. जुलै. दुसरी गल्ली, विहीर, गाडीला जुंपलेल्या दोन गाई. त्यानं पाकीट ओढलं, पण आधी जूनच्या नकाशाखाली खात्यातल्या अक्षरात शेरा मारला: एका गल्लीची मोजणी पूर्ण. बाकी गल्ल्या अपूर्ण. कारण, मोजणीदार जागेवर जाऊ शकत नाही.

खाली सही केली. तारीख टाकली.