वाया जाणाऱ्या पाण्याची बादली

कोलकात्यात येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती आणि तोवर आम्ही पाणी नुसतं पीत होतो. नवऱ्याची बँकेतली बदली, सॉल्ट लेकमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गच्चीवरच्या टाकीत बोअरचं पाणी आणि नळाला लावलेली साधी गाळणी, एवढ्यावर आमचं बरं चाललं होतं. मग मी मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला गेले आणि आपण किती मागासलेले आहोत ते मला कळलं. पूर्वी अशा ठिकाणी साडी कुठली म्हणून विचारायचे. आता विचारत होत्या, "तुमच्याकडे टीडीएस किती?" पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा हा आकडा, हे मला घरी आल्यावर समजलं. तिथे मी ठोकून दिलं, "एकशेवीस." एकीने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "होईल हळूहळू कमी."

त्याच सुमारास सासरे आमच्याकडे राहायला आले. बाबा दुष्काळी माण तालुक्यातले, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, सासूबाई गेल्यापासून एकटेच होते. आल्या आल्या त्यांचं ब्लडप्रेशर तपासलं तर ते चढलेलं निघालं. बाबांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता तो फाल्गुनात. गावी त्यांच्या थोरल्या बहिणीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. तिने त्यांना अंगाखांद्यावर खेळवलेलं, आता दोघंच उरलेली. तिकीट काढून झालं होतं आणि ते त्यांनी खिशातल्या डायरीत घडी घालून ठेवलं होतं. डॉक्टरांनी साफ सांगितलं, "प्रेशर उतरलं तरच दीड दिवसाचा रेल्वेप्रवास. मीठ कमी करा, पाणी भरपूर प्या."

पाणी भरपूर प्या, एवढं मला पुरेसं होतं. बाबांसाठी म्हणून मी मशीनवाल्याला बोलावलं. तो टाय लावून आला. त्याने आमच्या नळाचं पाणी एका पेल्यात घेतलं, त्यात विजेच्या दोन कांड्या बुडवल्या आणि बघता बघता त्या पेल्यात गटार उतरली. तो रंग पाण्यातला नसून कांड्यांच्या लोखंडाचा असतो, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र मी पदर तोंडाला लावून मागे सरले. रोज लाखांचे व्यवहार तपासणाऱ्या माझ्या नवऱ्यानेही चकार शब्द न काढता सही केली.

मशीन भिंतीवर चढलं. त्यात म्हणे एक पडदा असतो, इतका बारीक की पाणी पलीकडे जातं आणि क्षार अलीकडे अडकतात. अडकलेले क्षार घेऊन उरलेलं पाणी दुसऱ्या नळीने बाहेर पडतं. बाबा चष्मा लावून ती दुसरी नळी बघत होते.

"हे कुठं चाललंय?" त्यांनी विचारलं.

"ओटा वेस्ट, मेशोमोशाय," म्हणजे ते वाया जातं, काका, असं मशीन बसवायला आलेला कारागीर म्हणाला. "एक बालती भालो, तीन बालती वेस्ट."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एक बादली चांगलं आणि तीन बादल्या वाया, हे त्यांना बंगालीतही समजलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळी सिंकमधून निघून एका बादलीत गेली होती. फरशीला, झाडांना होईल, असं त्यांनी सांगितलं. ती बादली त्यांच्याकडे लागली आणि मला बरंच वाटलं, म्हाताऱ्या माणसाला काहीतरी उद्योग हवाच.

मग मी मीठमोहीम काढली. लोणचं माळ्यावर गेलं, पापड शेजारी गेले, आमटीचं गरम पाणी झालं. नवरा ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवून येऊ लागला. बाबा मात्र तक्रार न करता जेवायचे. मी रोज सकाळी कामावर निघताना मशीनच्या पाण्याची दोन लिटरची बाटली भरून त्यांच्या खोलीत ठेवायचे आणि संध्याकाळी ती रिकामी दिसली की मला धन्य वाटायचं. मशीनही असं गुणी, की ओट्यावरचा जार कधी तळाला जायचाच नाही. कधीही बघा, भरलेला. पुढच्या हळदीकुंकवाला मी हे चारचौघींत सांगितलंसुद्धा, "आमचं मशीन फार बरकतीचं आहे. टीडीएस चाळीस." आता दुसरीच्या हातावर हात ठेवायची पाळी माझी होती.

ब्लडप्रेशर काही उतरेना. दोनदा औषध बदललं. डॉक्टर विचारायचे, "मीठ कुठून जातंय?" मी छातीठोकपणे सांगायचे, माझ्या घरात मीठच नाही. मला उलट बाबांचाच संशय यायला लागला, खाली जाऊन सिंगाडा, म्हणजे इकडचा सामोसा, वगैरे खातात की काय. एकदा तर मी त्यांचे खिसे पाहिले. त्यात डायरी होती आणि डायरीत तिकीट. फाल्गुन तोंडावर आला तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली आणि नवऱ्याने ते तिकीट रद्द केलं. बाबा एवढंच म्हणाले, "असू दे. अक्काला मी फोन करतो."

त्यानंतर दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या मासीमा आल्या. "आमरा तो जोल फुटिये खाई," त्या म्हणाल्या, म्हणजे आम्ही आपलं उकळून पितो, आणि माझ्या मशीनकडे त्यांनी दयेने पाहिलं. मला राग आला. मी मशीनसोबत आलेलं, टीडीएस मोजायचं पेनासारखं मीटर काढलं, जारमध्ये बुडवलं आणि चाळीस दाखवले. मग ऐटीत बाबांच्या खोलीत नेऊन त्यांच्या तांब्याच्या तांब्यात बुडवलं. आकडा चढतच गेला, हजाराच्या वर. मला वाटलं, मीटर बिघडलं. पुसून पुन्हा बुडवलं. पुन्हा तेच. मग मी बाल्कनीत जाऊन बादलीत बुडवलं, तर अगदी तोच आकडा. काखेत कळसा आणि मी गावभर मीठ शोधत होते.

मासीमा गुपचूप चपला घालून गेल्या. मी बाबांना सोडलं नाही. इतके महिने आम्ही अळणी गिळतोय, तुमचं जाणं रद्द झालं, आणि तुम्ही ते खारट पाणी पिताय? कशासाठी? आणि मी भरून ठेवते त्या बाटलीचं काय करता?

बाबा पलंगावर बसून होते. शाळेत छडी खायला हात पुढे करावा तसे दोन्ही तळवे त्यांनी मांडीवर ठेवले होते.

"जारमध्ये ओततो," ते म्हणाले. "तुम्ही दोघं दमून येता. मी एक भांडं प्यायलो की तीन भांडी मोरीत जायची, फरशीला-झाडांना लागतं ते किती, सूनबाई. मला ते घशाखाली उतरेना. आणि हे पाणी काही वाईट नाही. आमच्या आडाचं असंच लागायचं."

बरकतीचं मशीन ते हे. बाबांसाठी आणलेलं पाणी इतके महिने आम्ही पीत होतो आणि आमच्या वाटचं टाकाऊ पाणी ते. मला त्यांच्यावर ओरडल्याची लाज वाटली, आणि ओरडल्याहून जास्त, मी चारचौघींत मिरवलं त्याची. डॉक्टर म्हणाले, हे पाणी आधी बंद करा, उतरेल, पण वेळ लागेल. वेळ तर गेलेला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी गावाहून व्हिडिओ कॉल आला. आत्याबाई नव्या लुगड्यात पाटावर बसल्या होत्या, कपाळावर ओलं कुंकू होतं. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळे दोघं बहीणभाऊ बराच वेळ नुसते एकमेकांकडे बघत राहिले. मग आत्याबाईंनी विचारलं, "तिकडचं पाणी मानवतंय का रे तुला?"

"उत्तम," बाबा मोठ्याने म्हणाले. "सूनबाईनं खास माझ्यासाठी मशीन घेतलंय."

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले. मी मशीनचं पाणी भरून आणून ठेवलेल्या तांब्यातलं भांडंभर पाणी प्यायले, आणि उरलेला तांब्या घेऊन सवयीने जारकडे निघाले. मी दारात त्यांची वाट अडवून उभी राहिले.