बत्तीस मैल आणि मधले दोन तास

शिकागोजवळच्या शॉमबर्गहून निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं. गाडीच्या मागच्या रॅकवर मेधाची हिरवी सायकल बांधली होती आणि शर्टाच्या खिशात तिच्या हातचा कागद होता. ‘डी. पीपीला डावीकडे. चर्चपाशी पाणी. एस, मोठा चढ. मग जुनी रेल्वे.’ शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांना नावांऐवजी अक्षरं असतात. हा कागद म्हणजे पन्नासेक किलोमीटरची एक गोल फेरी होती.

मेधा, माझी बायको, फेब्रुवारीत गेली. दोन दिवसांचं आजारपण. फोन सगळे आमच्या मुलीने, ईशाने केले. ती गेली, हे वाक्य मला कुणालाच सांगावं लागलं नाही.

आधीची काही वर्षं, उन्हाळ्यात महिन्यातून एका शनिवारी, मेधा ही फेरी करायला यायची. तेव्हा माझी आई आमच्याकडे होती, अंथरुणाला खिळलेली. त्या दिवशी ईशा शिकागोच्या कॉलेजातून येऊन आजीपाशी बसायची. मी साडेतीन तास गाडी चालवून मेधाला इथे आणायचो आणि ती येईपर्यंत गावातल्या लायब्ररीत वाचत बसायचो. ती पाच तासांनी परत यायची. सायकलीला एवढा वेळ लागतच असेल, असं मी धरून चाललो होतो.

यंदा मे महिन्यात सायकल पुसताना हँडलवरचा छोटा मीटर सुरू केला. जुन्या फेऱ्या त्यात साठलेल्या होत्या. प्रत्येक वेळी अंतर तेच, बत्तीस मैल, आणि चाकं फिरल्याचा वेळ तीन तासांच्या आसपास. उरलेले दोन तास ती कुठे असायची, हे पाहायला मी निघालो होतो.

“बाबा, तू कॉलेजनंतर सायकल चालवली आहेस का?” ईशाने फोनवर विचारलं.

“नाही.”

“देन प्लीज, फोन चार्ज करून ने.”

गावाबाहेर पडल्यावर पहिल्या तासात मला एकच मोटार दिसली आणि तिच्यातल्या माणसाने हात केला. हिमयुगातला बर्फ अमेरिकेच्या या कोपऱ्यात पोचलाच नाही, म्हणून आजूबाजूचा मुलूख सपाट असताना इथे टेकड्या शाबूत राहिल्या. उतारांना वळसे घालत मका आणि गवताचे आळीपाळीने पट्टे, मधूनच लाल कोठार. दोन टेकड्यांमधल्या चिंचोळ्या दरीला इथे ‘कूली’ म्हणतात (आपल्या स्टेशनवरच्या कुलीशी संबंध नाही). कूलीत उतरलं की हवा एकदम गार होते आणि ओल्या गवताचा वास येतो. एका वळणावर काळी घोडागाडी भेटली. दाढीवाल्या आमिश शेतकऱ्याने (वीज आणि मोटार न वापरणारे हे लोक) मान हलवली. घोड्यांच्या टापांचा आवाज बराच वेळ मागून येत राहिला, मग तोही थांबला.

सीटची उंची मी मेधाचीच ठेवली होती. मी तिच्याहून वीतभर उंच. दहाव्या मैलाला गुडघे पोटाशी येऊन ठणकू लागले. चर्चच्या नळावर पाणी प्यायलो, पायरीवर बसून सोबत आणलेलं सँडविच खाल्लं, आणि तरीही पाना काढायचा धीर झाला नाही. ‘एस’च्या चढावर चेन उतरली. ती बसवताना दोन्ही हात काळे झाले. तिथेच, रस्त्याच्या कडेला उभं राहून, सीट चार बोटं वर केली. नळीवर तिच्या उंचीची खूण होती, घासून पांढरी झालेली. त्या खुणेवरून बोट फिरवलं आणि उरलेला चढ सायकल ढकलत गेलो.

माथ्यावर एक पांढरं घर होतं. अंगणात टेबलावर अंडी, रुबार्बच्या (आंबट देठांची भाजी, इथे गोडात घालतात) जुड्या आणि पैसे टाकायला डबा. व्हरांड्यात ऐंशीच्या घरातली एक बाई वाटाणे सोलत बसली होती. मला पाहून ती उठली.

“ही सायकल कुठून आणली?” आवाज करडा होता.

“माझ्या बायकोची आहे.”

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “म्हणजे तो वाचणारा नवरा तुम्ही. मला वाटलं कुणी चोरली. तुमचे हात तसेच दिसतायत.” मग हसली. “मी डोरिस. आणि ती कुठे आहे? दोन उन्हाळे फिरकली नाही. सांगा तिला, मी रागावलेय.”

त्या क्षणापर्यंत मी इंग्रजीत काय, मराठीतही ते म्हटलं नव्हतं.

“ती वारली. फेब्रुवारीत.”

डोरिस खाली बसली. वाटाण्यांचं भांडं तिने मांडीवरून काढून बाजूला ठेवलं. मी सायकल कठड्याला टेकवून पायरीवर बसलो. रस्त्यावर काहीही येत नव्हतं.

“इथे काय करायची ती?” मी विचारलं.

“झोपायची.” डोरिसने व्हरांड्याच्या टोकाच्या लांब बाकाकडे बोट केलं. “पहिल्यांदा पाणी मागायला आली आणि बसल्याबसल्या तिचा डोळा लागला. मी चादर घातली. पुढच्या महिन्यात चीज घेऊन आली आणि म्हणाली, दोन तासांनी उठवशील का? मग दर वेळी तेच. बोलायची कमी. अशी झोपणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.”

रात्री दर दीड-दोन तासांनी आई ‘मेधा’ अशी हाक मारायची. कूस बदलायला, पाण्याला, कधी नुसतीच. मी उठू का, असं सुरुवातीला विचारलं होतं. “तुम्हाला सकाळी ऑफिस आहे,” ती म्हणाली, आणि पुन्हा मी विचारलं नाही. आई गेल्यावर मेधाने ही फेरी एकदाही केली नाही. सायकलचा कंटाळा आला, म्हणाली. मी ते खरं मानलं.

“पडायचं असेल तर पडा,” डोरिस म्हणाली. “बाक रिकामाच आहे.”

मी पडलो. फळ्या कडक होत्या. झोप आली नाही. डोरिसने रुबार्बच्या ‘पाय’च्या (गोड सारण भरून भाजलेला जाड पोळीसारखा पदार्थ) दोन तुकड्यांवर आमच्यासाठी बशी उपडी घातली, आणि न विचारता बरोबर दोन तासांनी मला हाक मारली.

उरलेला रस्ता जुन्या रेल्वेच्या मार्गावरून, सावलीतून, हलक्या उताराने गावात येतो. सगळ्यात सुंदर भाग तोच.

दुसऱ्या दिवशी ईशाला सगळं सांगितलं. तिला कशाचंच आश्चर्य वाटलं नाही.

“तुला माहीत होतं?”

“हो. आई म्हणाली, बाबांना सांगू नकोस. आजीला ओल्ड एज होममध्ये ठेवायचा विषय निघेल, आणि ते स्वतःला कधी माफ करणार नाहीत.”

“तू तरी बोलायचंस.”

“मी शनिवारी यायचे ना, बाबा. आय वॉज अ किड. मला तेवढंच जमत होतं.”

मेधाने पाहिलेलं थोडं तरी पाहून येईन, अशा समजुतीने मी गेलो होतो. आता तो रस्ता मला वळणावळणाने सांगता येईल. कुठे कूली लागते, कुठे चढ, कुठे पाणी. तिला मात्र तो अर्धा झोपेकडे जाणारा आणि अर्धा झोपेकडून माझ्याकडे परत येणारा, एवढाच माहीत असावा. आणि तरी ती दर वेळी परत आली.