डॉक्टरचं घड्याळ

घड्याळजी माणसं घड्याळावरून ओळखायचा. झाकण उघडून आतला मळ पाहिला की मालकाची कुंडली तयार. डोळ्यांच्या एका डॉक्टरचं घड्याळ दुरुस्तीला आलं, ते आतून आरशासारखं लख्ख. तेवढ्यावर त्याने डॉक्टरला पास करून टाकलं.

मग ताईला मोतीबिंदू झाला, तेव्हा त्याने ठासून सांगितलं, "याच्याकडेच जा."

"तू स्वतः दाखवलायस का त्याला डोळा?" ताईने विचारलं.

"हो तर. माझा डोळा त्यानेच वाचवला." ताईची धाकधूक जावी म्हणून मारलेली साधी थाप होती ती.

ऑपरेशन बिघडलं आणि ताईचा उजवा डोळा कायमचा गेला. तिने भावाला कधी बोल लावला नाही, आणि तेच त्याला अकरा वर्षं खात राहिलं. ती चहाचा कप पुढे करायची तो चार बोटं बाजूलाच. तो मुकाट्याने हात तिकडे न्यायचा.

आता त्यालाच भिंगाखालची चाकं धुरकट दिसू लागली. गिऱ्हाइकांनी डझनभर डॉक्टर सुचवले. तो प्रत्येकाला एकच विचारायचा, "तुम्ही स्वतः दाखवलाय का?" निम्मे विषय बदलायचे.

ताईच्या कानावर गेलं तशी ती म्हणाली, "दहा जणांना कशाला विचारत बसतोस? माझं नशीबच फुटकं, त्यात डॉक्टरचा काय दोष? तुझा डोळा वाचवणारा आहे की अजून. मी उद्याची वेळ घेऊन ठेवलीय."

तिने कप पुढे केला, नेहमीसारखा चार बोटं बाजूला. त्याने हात तिकडे नेला.

"जातो," तो म्हणाला.