मारीसोलच्या पेशी

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, वसईला आईलाही नाही. इथे अबू धाबीत, मुसफ्फाच्या चर्चमध्ये दर ईस्टरच्या आधी कन्फेशनला जाते, फादरना सगळं सांगते — सासूवर ओरडले, मुलीला फटका मारला, ऑफिसात थाप मारली. ही एक गोष्ट तेवढी गिळून परत येते. आज तुला सांगतेय. का, ते विचारू नकोस.

मारीसोल बोलिव्हियाची. अबू धाबीतल्या आमच्या रिसर्च सेंटरमध्ये ती पोस्टडॉक म्हणून आली — पीएचडी झालेली, पण अजून स्वतःची लॅब नसलेली. मी तिथे रिसर्च असिस्टंट, तिच्या कितीतरी आधीपासून. तिची कहाणी ऐकली असतीस तर तूही तिच्या प्रेमात पडली असतीस. वडील बसड्रायव्हर, शुगरचे पेशंट. पायाला जखम झाली ती भरेचना. शाळेतून आल्यावर ड्रेसिंग हीच बदलायची. शेवटी पाय कापावा लागला. जखम भरत का नाही, म्हणून तिनं डॉक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, पोरी, देवाला विचार.

"देव काही बोलेना, मग म्हटलं आपणच शोधू," हे ती हसत सांगायची.

सरकारी कॉलेज, मग रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी, मग स्कॉलरशिपवर स्पेन, तिथून इथे. आणि इथेही तोच प्रश्न. डायबेटिसच्या पेशंटांनी दिलेल्या कातडीच्या पेशी ती काचेच्या कपाटासारख्या इनक्युबेटरमध्ये वाढवायची, आणि त्यांना जखम का भरता येत नाही ते बघत बसायची. त्या पेशींशी स्पॅनिशमध्ये गप्पासुद्धा मारायची.

मी तिला इथलं सगळं शिकवलं — घर कुठे बघायचं, सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये काय बोलायचं, बॉसचा मूड कधी चांगला असतो. ख्रिसमसला ती आमच्या घरी शेंगदाण्याचं सूप करून घेऊन आली. माझी रिया तिच्या मांडीवरून उतरेना. मैत्रीणच ती. हो — होतीच. हे मुद्दाम सांगतेय, म्हणजे पुढचं ऐकताना माझी बाजू घेऊ नयेस.

सेंटरमध्ये पीएचडीची एक जागा निघाली. नोकरी सांभाळून करायची, पगार चालू. मी एमएस्सी झाल्यापासून असलं काहीतरी शोधत होते. अर्ज केला. बॉसनं मारीसोलचं मत विचारलं. त्याच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं आणि मी सही घ्यायला बाहेर उभी होते.

"तिचे हात लॅबमध्ये सगळ्यांत चांगले," ती म्हणाली. "पण ती प्रश्न विचारत नाही. सांगाल ते करते. सायंटिस्ट होईल असं मला नाही वाटत."

सही न घेताच परतले. जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. कळलं तेव्हा मारीसोलनं मला मिठी मारली. "नेक्स्ट टाइम, हबीबती. इन्शाल्ला." माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. त्या मिठीत मी तिचा सूड घ्यायचं ठरवलं. रागाच्या भरात झालं, असं म्हणायची सोय नाही मला — मी वाट पाहिली. रोज तिच्यासोबत चहा घेतला, आणि वाट पाहिली. ती बोलली ते खरं होतं का? बघ, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. प्रश्न मी विचारत नाही ना!

तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार की नाही, हे त्याच पेशींवर ठरणार होतं. कित्येक महिन्यांची मेहनत. शुक्रवारी अर्धा दिवस असतो. तिनं पेशींना खायला घातलं, बॅग उचलली, "यल्ला, बाय" म्हणून गेली. लॅब रिकामी झाली. मी इनक्युबेटरचं दार उघडलं आणि बोटभर फट ठेवून सोडून दिलं. अलार्म वाजायला लागला, तो बंद केला. हात जरासुद्धा थरथरले नाहीत. सगळ्यांत चांगले हात!

दुसऱ्या दिवशी आम्ही उम्म अल कुवैनला समुद्रावर गेलो. मी पोटभर मासे खाल्ले. रियाबरोबर पाण्यात खेळले. नवरा म्हणाला, बऱ्याच दिवसांनी हसतेयस. मला वाटतं, लग्नानंतरचा माझा सगळ्यांत आनंदाचा दिवस तो होता — हे सांगताना मला माझीच भीती वाटते, पण खोटं कसं सांगू?

सोमवारी ती इनक्युबेटरसमोर जमिनीवर बसलेली दिसली. पेशींच्या प्लेटी वाळल्या होत्या. सगळं मेलं होतं.

"मी दार लावलं होतं ना?" ती मला विचारत राहिली. "तू नंतर होतीस. तू बघितलंस का?"

"मी आत गेलेच नाही गं."

"मग मीच. मीच उघडं टाकलं."

मी तिला जवळ घेतलं. पाणी दिलं. होतं असं कधी कधी, म्हटलं. आणि आतून मला गोड लागत होतं — तिचं ते "मीच".

कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. मीच तिला एअरपोर्टला सोडलं, खजुराचा डबा हातात दिला. बोलिव्हियात जाऊन ती शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेत बसली. त्याच काळात तिचे वडील गेले. स्वतःची लॅब त्यांना व्हीलचेअरवरून फिरवून दाखवायची, असं ती नेहमी म्हणायची. पुढे हॉलंडमध्ये कुणीतरी तिला पुन्हा संधी दिली. आज तिथे तिची लॅब आहे, तोच प्रश्न घेऊन. ती पोचली शेवटी. उशिरा पोचली, आणि तो उशीर मी केला. वडील त्या उशिरात गेले.

मागच्या महिन्यात तिचं ऑनलाइन भाषण होतं, नवीन विद्यार्थ्यांसाठी. तिनंच लिंक पाठवली. रिया मागून ओरडली, "मम्मा, दॅट्स मारी आंटी!" मारीसोलचे केस पांढरे व्हायला लागलेत. ती मुलांना सांगत होती — मी एकदा निष्काळजीपणानं दार उघडं टाकलं, पेशंटांनी विश्वासानं दिलेलं सगळं मारून टाकलं. तेव्हापासून स्वतःवर माझा विश्वास नाही. आजही घरून परत लॅबमध्ये येते, दार बघायला. त्या दिवशी एक मैत्रीण जवळ नसती, तर मी सायन्स सोडलं असतं.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. खाली लिहायला जागा होती. मी टाळ्यांचं चिन्ह पाठवलं.

तो दोष तिचा नव्हता. ती तो जगासमोर स्वतःवर घेत होती, आणि मी आमच्या सोफ्यावर बसून ऐकत होते. लाज वाटली मला. पण ती नंतर. आधी बरं वाटलं.