जुन्या पत्त्यावरचं नाव

ऑर्विल वीब गाडीला कुलूप लावून दहा पावलं चालायचा, परत फिरायचा आणि दार ओढून बघायचा. वॉटर्लूच्या आमच्या ऑफिसात सगळे त्याला 'डबल कुलूप' म्हणत. हे नाव मीच ठेवलं होतं.

आम्ही रुग्णालयासाठी लिहीत होतो तो प्रोग्राम रुग्णाचं नाव जुळवून त्याला कोणतं औषध चालत नाही ते सांगायचा. नुकत्याच शोधलेल्या नावांचे मेमरीतले पत्ते आणि त्यांची माहिती तो हाताशी ठेवायचा, म्हणजे पुन्हा अक्षर न् अक्षर ताडून बघायला नको. पत्ता, म्हणजे मेमरीत नाव ठेवलेली जागा, तोच असेल तर नावही तेच, असं तो धरून चालायचा. ऑर्विलने मात्र एक तपासणी घातली होती: त्या पत्त्यावर अजून तेच नाव राहतंय का? तेवढ्यापायी काम पाचव्या हिश्श्याने मंदावलं होतं.

शुक्रवारी दुपारी प्रोग्राम चालू व्हायचा होता. बुधवारी आमची प्रमुख मॉरीन त्या मंदपणावर वैतागली, आणि मी आगीत तेल ओतलं.

"ऑर्विल, रोज घरी गेल्यावर बायकोलाही विचारतोस का रे, तूच ना ती म्हणून?"

सगळे हसले. तोही हसला, आणि त्याने तपासणी काढून टाकली.

त्यानंतर त्याला घास उतरेना. अंड्याचं सँडविच दोन्ही दिवस डब्यातून तसंच घरी गेलं. मला त्याचा राग आला, कारण त्याच्याकडे बघून मीही ती काढलेली तपासणी पुन्हा पुन्हा उघडून वाचत होतो.

शुक्रवारी सकाळी तो एक फोडलेलं पाकीट घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्याच्या घरी आधीच्या भाडेकरूची पत्रं अजून येतात.

"पत्ता माझा, नाव त्याचं. आणि मी आपलंच समजून फोडलं," तो म्हणाला.

आम्ही लगेच करून पाहिलं. लिओना मार्टिन हे नाव एकदा शोधलं, मग मेमरीतून काढलं. रिकाम्या झालेल्या त्याच जागी एडना बाउमन येऊन बसली. एडनाला पेनिसिलिन चालत नाही, असं आम्ही नोंदवलं होतं. प्रोग्रामने पत्ता ओळखीचा पाहून लिओनाची माहिती काढून दिली: पेनिसिलिन चालेल.

चूक आपली म्हणून ऑर्विल मॉरीनकडे निघाला होता. मी त्याला खाली बसवलं.

"माझ्या जिभेमुळे तपासणी काढलीस. मी सांगतो."

मॉरीनने सगळं ऐकून एवढंच विचारलं, तपासणी परत घातली की पुन्हा तेवढंच मंद होणार का. मी हो म्हणालो. होऊ दे, म्हणाली.

परत आलो तर ऑर्विल सँडविच खात होता.

"मॉरीनच्या खोलीचं दार लावलंस का नीट?" त्याने विचारलं.

मी मागे गेलो आणि ओढून बघितलं.