मला सोडून जाण्याचा सराव

माझी मुलगी नोएडाच्या एका नर्सिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. भूकंपानंतर जखमींना कसं सांभाळायचं, याचा सराव कॉलेजच्या मैदानात होणार होता आणि जखमी म्हणून पडायला माणसं हवी होती. आम्ही कॅन्टोन्मेंटमध्ये राहणाऱ्या काही बायका हौसेने गेलो. शेजारणीच्या मांडीवर लाल रंग ओतला. माझ्या गळ्यात कार्ड अडकवलं : ‘श्वास बंद’.

“आपको कुछ नहीं करना है, आंटी,” शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. “बस, लेटे रहिए.”

नियम मुलीनेच मला आदल्या दिवशी समजावला होता. अशा वेळी नर्स थोड्या, जखमी फार. श्वास नसेल तर हनुवटी वर करून घसा मोकळा करायचा. तरीही श्वास आला नाही, तर मनगटाला काळी पट्टी बांधून पुढच्या माणसाकडे जायचं. थांबायचं नाही.

मी विटांच्या ढिगाशेजारी डोळे मिटून पडले. शिट्टी वाजली, आरडाओरडा सुरू झाला. माझ्याकडे दुसऱ्या गटातली मुलगी येणार होती, पण ऐन वेळी गट बदलले असावेत. हनुवटीला बोटं लागली आणि न बघताच कळलं, ही माझीच.

तिने घसा मोकळा केला. पुन्हा केला. मग छातीवर हात ठेवून दाबल्यासारखं करायला लागली. पलीकडे शेजारीण कण्हत होती, “सिस्टर, इधर.”

“जा पुढे,” मी हळूच म्हटलं. ती हलली नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हाही ती माझ्याजवळच होती.

मॅडम रागावल्या नाहीत. शेजारणीकडे बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, “इनको बचा सकते थे, बेटा.”

जेवणानंतर दुसरी फेरी होती. मॅडम माझं कार्ड बदलायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, “यही रहने दीजिए. और इसी को भेजिए.”

मुलीने मला बाजूला ओढलं. “आई, नको ना यार. मला नाही जमणार.”

“मी चांगली धडधाकट आहे गं. आत्ताच करून घे.”

या वेळी तिची बोटं गार होती. तिने घसा मोकळा केला, वाट पाहिली, पट्टी बांधली. जाताना माझी सरकलेली ओढणी तेवढी नीट केली. मग पलीकडून तिचा आवाज आला, “मैं आ गई हूँ. मेरी तरफ देखिए.” इतका शांत आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. मेलेल्या माणसाने ते पुसायचं कसं? तसंच राहू दिलं.

परतताना मेट्रोत ती म्हणाली, “मी गेले ते तुला कळलं?”

“कळलं.”

“मग?”

“मग काय. शेजारीण वाचली.”

ती हसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

आता ती इमर्जन्सी वॉर्डात काम करते. कधी ड्युटीवरून येते आणि कपडे बदलून माझ्याजवळ आडवी होते. मी विचारत नाही. केसांतून हात फिरवते, झोप लागेपर्यंत.