बोळात अडकलेला बैल

ताराचंदजींजवळ पैसा भरपूर होता. तो पाहून दिपणारी माणसं तेवढी मिळत नव्हती. खापा गावाहून दोन धोतरं पिशवीत घालून आलेला हा गडी नागपूरजवळच्या वाडीतल्या तीन गोदामांचा मालक झाला. शहरातल्या महाल भागात हमरस्त्यावर त्याने तिमजली माडी बांधली आणि गच्चीवर आपल्या नावाची सिमेंटची अक्षरं बसवली. ती वाचायची तर समोरच्या बाजूला जाऊन मान वर करावी लागे. तेवढी तसदी कोणी घेत नसे.

माडीच्या कडेला एक उतरता बोळ होता. तिथे भोसल्यांच्या काळापासूनची कारकून मंडळी राहत. त्यांत मानाचं घर विश्वनाथरावांचं. नव्या माडीत राहायला आल्यावर ताराचंदजी काटोलच्या संत्र्यांची टोपली घेऊन ओळख करायला गेले होते. विश्वनाथरावांच्या पत्नी यमुताईंनी अर्धं दार उघडून विचारलं, "शेकडा काय भाव? आंबट निघाली तर परत घ्याल ना?"

त्या दिवसापासून ताराचंदजींना एकच ध्यास. यमुताईंनी ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्यावर यावं, आणि तेही आपल्या घरासाठी. त्यासाठी त्यांनी तान्हा पोळा हेरला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढत दारोदार जातात. घरची बाई बैलाच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावते, ओवाळते, पोराच्या हातावर खाऊ ठेवते. दारी आलेला बैल नागपुरात कोणी परतवत नाही.

झालं! सागवानी बैल घडवला गेला. माणसाहून उंच, पितळी शिंगं, जरीची झूल, खाली चाकांचा जाड पाट. तो घराबाहेर काढायला फाटकाची एक बाजू पाडावी लागली.

"एवढा बैल ओढन कोण?" वच्छलाबाईंनी नवऱ्याला विचारलं. "आपला नातू पाच वर्साचा. त्यानं काखेत मावन असा बैल मांगितला होता."

"गोदामातले हमाल कायले हायेत वं? बैल कोणाचा, हे पाह्यतेत लोकं. कोण ओढून राहिला, हे कोणी नाही पाह्यत."

नातू मधुसूदन त्या बैलाचे डोळे पाहूनच आजीच्या लुगड्यामागे दडला, आणि थोड्या वेळाने शेजारच्या पोरांचा मातीचा बैल ओढायला पळाला. शेवटी ताराचंदजींनी कोशाची रेशमी टोपी घातली, दोर स्वतःच्या हातात घेतला आणि चार हमाल मागे लावून बोळात शिरले.

"शेठ, बोळ अरुंद हाय," एक हमाल म्हणाला.

"लोट तू! अक्कल नको लावू."

लोटायची गरजच उरली नाही. उतारावर बैल आपसूक सुटला. ताराचंदजी पुढे, बैल मागे, असे दोघेही विश्वनाथरावांचं दार ओलांडून गेले. पुढे दोन्हीकडचे ओटे जवळ येत होते. तिथे शिंगं भिंतींत रुतली, पाट तिरपा झाला आणि बैल गच्च बसला. पलीकडे बोळ संपत होता. तिथे विहिरीची भिंत, आणि भिंतीपाशी दोर धरून ताराचंदजी.

यमुताई रिवाजाप्रमाणे ताट घेऊन आल्या. त्यांच्या दारासमोर बैलाचं ढुंगण होतं.

"अहो ताराचंदजी," त्यांनी हाक मारली, "आता मी शेपटीला ओवाळू का?"

"थांबा, थांबा! ओढून राहिलो ना," बैलापलीकडून आवाज आला.

हमालांनी ओढलं, ढकललं. बैल हलेना. मागून आलेली पोरं काही वेळ थांबली, मग आपापले बैल काखेत घेऊन सागवानी पोटाखालून पलीकडे गेली, तिकडच्या घरांतून चकल्या घेऊन तशीच परत आली. मधुसूदन दोनदा गेला. आजोबांना चकली देऊन म्हणाला, "आबाजी, इकडून या ना. लय सोपं हाय."

ओट्यावर शिंपी केशव बसला होता. पोळ्याला झडती, म्हणजे बैलांपुढची यमकं, म्हणायची संधी तो कधी सोडत नसे.

"वाडीचं गोदाम, रस्त्यावर माडी,
बोळात अडली शेठची गाडी!
हर बोला, हर हर महादेव!"

सगळा बोळ "महादेव" म्हणाला.

ऊन चढलं. सुताराला निरोप गेला होता. पण सणाच्या दिवशी सुतार लवकर कुठला यायला! ताराचंदजींनी टोपी काढून खिशात कोंबली, धोतर वर खोचलं आणि गुडघे टेकले. आपल्याच बैलाच्या पुढच्या पायांतून आत शिरले, पाटावरून सरपटले, मागच्या पायांतून डोकं बाहेर काढलं. समोर यमुताई. बोळातलं एकही दार त्या घडीला बंद नव्हतं.

यमुताईंनी ताट खाली ठेवलं आणि उठायला हात दिला.

"लागलं का हो?" त्या म्हणाल्या.

आणि ताराचंदजींना पहिल्यांदाच वाटलं, की संत्र्यांची टोपली घेऊन आलो होतो तेव्हा शेकड्याचा भाव सांगून निघून गेलो असतो तर बरं झालं असतं.